कुणी ठेवलं, कुणी उचललं

आज एकच व्हेरिएबल घेऊन बसायचं आहे. सगळं फ्रेमवर्क नको, सगळा सूटही नको. तुमच्या ऑटोमेशन स्क्रिप्टांमधलं असं एक व्हेरिएबल निवडा, जे जिथे तिथे दिसतं, पण नेमकं कुठे भरलं जातं हे तुम्हाला चटकन सांगता येणार नाही. टोकन, ड्रायव्हर, करंट यूजर, ऑर्डर आयडी, यातलं एखादं असणारच. सापडलं की थांबा. रन लावू नका, काही दुरुस्त करू नका. थोडा वेळ नुसतं त्याच्याकडे बघू.

सावकाश घेऊ म्हणतोय, त्याला कारण आहे. या धंद्यात हात फार लवकर रीरनकडे जातो. टेस्ट लाल झाली, रीरन मारला, हिरवी झाली, विषय संपला. त्या दोन रनांच्या मध्ये कोड बदललेला नसतो, ॲप्लिकेशन बदललेलं नसतं, टेस्टही तीच असते. मग बदललं काय? हा प्रश्न रोज समोर येतो आणि रोज आपण त्याला बगल देतो. आज बगल द्यायची नाही.

हाताशी एक उदाहरण असू दे. तिकीट बुकिंगची एक साइट आहे आणि तिच्या चार टेस्ट एका फाइलमध्ये एकीखाली एक लिहिल्या आहेत. पहिली लॉगिन करते. दुसरी तिकीट काढते. तिसरी ते रद्द करते. चौथी रिफंडची रक्कम तपासते. स्क्रिप्ट रोबोट फ्रेमवर्कमध्ये आहेत असं धरू. नोकिया नेटवर्क्समध्ये तयार झालेलं आणि 2008 मध्ये ओपन सोर्स झालेलं हे साधन मुद्दाम निवडतोय, कारण व्हेरिएबल कुठवर दिसावं हे त्यात नाव घेऊन सांगावं लागतं. पहिल्या टेस्टने जाताजाता ‘सेट ग्लोबल व्हेरिएबल’ या कीवर्डने टोकन ठेवलं आहे. दुसरीने तसाच बुकिंग नंबर ठेवला आहे. तिसरी आणि चौथी तो उचलतात. फाइल वरून खाली चालते आणि चारही टेस्ट हिरव्या होतात.

आता चौथ्या टेस्टपाशी बसा. तिचं नाव वाचा: ‘रद्द केलेल्या तिकिटाचा रिफंड बरोबर मिळतो’. मग तिला विचारा, हे तू एकटी म्हणू शकशील का?

एवढ्यापुरता रन लावायला हरकत नाही. कमांडमध्ये टेस्टचं नाव दिलं की ती एकटीच चालते. चालते आणि लगेच लाल होते. कारण काय लिहून येतं ते नीट वाचा. रिफंड कमी आला, असं लिहिलेलं नाही. व्हेरिएबल सापडलं नाही, एवढंच आहे. रिफंडबद्दल टेस्टने चकार शब्द काढलेला नाही, कारण ती तिथवर पोचलीच नाही. म्हणजे ती हिरवी होती तेव्हाही तिचं म्हणणं तिच्या नावात होतं तेवढं सरळ नव्हतं. ते असं होतं: आधीच्या तिघी याच क्रमाने चालल्या, तिघींनी आपापल्या वस्तू जागेवर ठेवल्या आणि मधे कुणी काही हलवलं नाही, तर रिफंड बरोबर मिळतो. या ‘तर’च्या अलीकडचा भाग रिपोर्टमध्ये कुठेच छापला जात नाही.

इथे थोडं रेंगाळायला हवं.

दुसरी टेस्ट पडली की तिसरी आणि चौथीही पडतात. एका दोषाच्या तीन लाल ओळी. हा त्रास आहे, पण उघडा त्रास आहे. लाल रंग दिसतो, माणूस बघायला जातो. मला जास्त भीती दुसऱ्या प्रकाराची वाटते. रोबोट फ्रेमवर्कमध्ये ग्लोबल ठेवलेलं व्हेरिएबल फाइल संपली म्हणून संपत नाही. सगळा रन होईपर्यंत ते जिवंत राहतं, पुढच्या प्रत्येक फाइलला दिसतं. समजा, आपल्या फाइलच्या आधी रिपोर्टांची फाइल चालली. तिनेही एक तिकीट काढलं होतं आणि नंबर त्याच नावाने ग्लोबल ठेवला होता. आता आपली दुसरी टेस्ट तिकीट काढताना पडली, नंबर ठेवण्याच्या ओळीपर्यंत गेलीच नाही. तिसरीने हात घातला तर तिथे नंबर आहे! तो कुणाचा हे ती विचारत नाही. ते तिकीट ती व्यवस्थित रद्द करते आणि हिरवी होते. भाडं तेवढंच होतं, म्हणून चौथीलाही रिफंड बरोबर वाटतो आणि तीही हिरवी होते. रिपोर्ट सांगतो: बुकिंगमध्ये गडबड आहे, रद्द करणं आणि रिफंड ठणठणीत. दोन्ही हिरव्या ओळी परक्या तिकिटाबद्दल बोलत आहेत. त्या दिवशी रिफंडमध्ये खरोखर काही तुटलं असतं, तर या सूटला ते कळलं असतंच असं नाही.

पंगतीचा शिरस्ता आठवा. पहिली पंगत उठली की पानं उचलतात, खरकटं काढतात, जागा पुसतात आणि नवी पानं मांडून मगच दुसरी पंगत बसते. पानावर भात उरलाय, तर त्यावरच बसा, असं यजमान म्हणत नाही. टेस्टच्या जगात पान मांडण्याला सेटअप म्हणतात आणि उचलण्याला टिअरडाउन. दोन्हींत अधिक महत्त्वाचं कोणतं यावर टेस्टर मंडळींमध्ये मतं वेगळी आहेत. माझं मत सांगतो: मांडणं. टिअरडाउन टेस्ट पडली तरी चालतं, हे खरं. पण मशीन मधेच बंद पडलं किंवा पाइपलाइनने वेळ संपली म्हणून प्रोसेसच मारली, तर उचलायला कुणी उरत नाही. म्हणून येणारीने आपलं पान आपण मांडावं, आधीचीने पुसून ठेवलंय असं गृहीत धरू नये. टिअरडाउन हवंच, पण निकालाची मदार त्याच्यावर नको.

आता तुमचं व्हेरिएबल पुन्हा समोर घ्या. त्याला राहायला किती जागा हवी, ते आतून बाहेर जात बघू.

सगळ्यात आतली जागा लोकल. एका कीवर्डच्या किंवा एका टेस्टच्या अंगात जन्मायचं आणि तिथेच संपायचं. तुमचं व्हेरिएबल इथे मावेल का? चटकन नाही म्हणू नका. बुकिंग नंबर आता ग्लोबल आहे, पण ‘तिकीट काढा’ हा कीवर्ड तो नंबर परत देऊ शकतो आणि ‘तिकीट रद्द करा’ हा कीवर्ड तो मागून घेऊ शकतो. मग रिफंडची टेस्ट अशी वाचली जाते: लॉगिन कर, तिकीट काढ आणि नंबर घे, त्या नंबरचं तिकीट रद्द कर, त्या नंबरचा रिफंड तपास. चार ओळी. नंबर कुठून आला हे शोधायला दुसरी फाइल उघडावी लागत नाही. लोक म्हणतात, प्रत्येक कीवर्डला आर्ग्युमेंट देत बसायचं म्हणजे लिहिणं वाढतं. वाढतंच. पण स्क्रिप्ट लिहिली जाते एकदा आणि पडल्यावर वाचली जाते वारंवार, बहुतेक वेळा भलत्याच माणसाकडून, तेही बिल्ड अडकलेलं असताना.

त्याच्या बाहेरची जागा टेस्टची. ‘सेट टेस्ट व्हेरिएबल’ वापरलं की ती टेस्ट आणि तिने बोलावलेले सगळे कीवर्ड ते बघू शकतात. टेस्ट संपली की ते जातं. ही जागा लोकांच्या लक्षात राहत नाही, पण ग्लोबल ठेवलेल्या पुष्कळ गोष्टींचं खरं घर हेच असतं. टोकनचं बघा. सातआठ कीवर्डना ते लागतं, प्रत्येकाच्या हातात देत बसणं जिवावर येतं. ठीक आहे, टेस्टच्या सेटअपमध्ये भरा. पुढच्या टेस्टला ते दिसणार नाही, तिचा सेटअप तिच्यासाठी नवं आणेल.

त्यापुढे सूट, म्हणजे ढोबळमानाने एक फाइल. आणि सर्वांत बाहेर ग्लोबल.

या चारही जागांत नावाची एक गंमत ध्यानात ठेवा. रोबोट फ्रेमवर्क व्हेरिएबलच्या नावात लहानमोठी अक्षरं, स्पेस आणि अंडरस्कोर यांत फरक करत नाही. बाहेरची व्हेरिएबल कॅपिटलमध्ये आणि लोकल लहान अक्षरांत लिहावीत असा संकेत आहे आणि तो चांगला आहे, पण तो माणसांसाठी; यंत्राला दोन्ही नावं एकच. तेव्हा एखाद्या कीवर्डने आत लहान अक्षरांत ‘बुकिंग नंबर’ केला, तर त्या कीवर्डपुरता बाहेरचा कॅपिटलमधला नंबर झाकला जातो. बाहेर पडल्यावर जुनाच दिसतो. ‘मी तर बदलला होता’ असं म्हणत माणूस लॉगमध्ये शोधत बसतो. सातव्या आवृत्तीत, जानेवारी 2024 मध्ये, व्हेरिएबल जाहीर करायला वेगळी रीत आली. तिच्यात ते कुठवर दिसावं हे त्याच ओळीत लिहिता येतं. मला ती आवडते. निर्णय डोळ्यांसमोर राहतो.

पोस्टमनमध्येही हाच खेळ आहे. ग्लोबल, कलेक्शन, एन्व्हायर्नमेंट, डेटा फाइल, लोकल असे थर. एकच नाव अनेक थरांवर असेल तर सगळ्यात आतलं जिंकतं. एन्व्हायर्नमेंटमधली किंमत बदलूनही रिक्वेस्टमध्ये जुनीच जात असेल, तर आतल्या थरावर कुणीतरी त्याच नावाने बसलं आहे.

हा विचार टेस्टिंगवाल्यांनी शोधलेला नाही. विल्यम वुल्फ आणि मेरी शॉ यांनी 1973 मध्ये ग्लोबल व्हेरिएबल घातक आहे, अशा मथळ्याचा लेखच लिहिला होता. त्याच्या पाच वर्षं आधी डायक्स्ट्रा यांचं गो-टू विधानाविरुद्धचं पत्र गाजलं होतं. मथळ्याची ढब तिथून घेतलेली. नाव सगळ्यांना दिसतं म्हणून ते कुणीही बदलू शकतं, बदलणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला एकमेकांचा पत्ता नसतो, आणि मधल्या एखाद्या थराने तेच नाव वापरलं तर बाहेरचं नकळत झाकलं जातं, हे वुल्फ आणि शॉ यांचं म्हणणं. पन्नास वर्षांहून अधिक झाली. प्रॉडक्टच्या कोडमध्ये हे आपण बऱ्यापैकी मनावर घेतलं. टेस्टच्या कोडला मात्र कुणी कोड समजतच नाही, हे माझं जुनं गाऱ्हाणं आहे. तो रिव्ह्यूला जात नाही, गेला तर ‘टेस्टच आहे’ म्हणून पुढे जातो.

इथे एक शंका मनात आली असेल, येऊ द्या. सगळंच ग्लोबल वाईट का? बेस यूआरएल, ब्राउझरचं नाव, टाइमआउट हे तर सगळ्यांना सारखंच लागतं. ते कमांडवरून एकदा द्यावं आणि सगळीकडे वाचावं, यात काय बिघडतं? काहीच नाही. रन सुरू होण्याआधी ठरलेलं आणि मग कुणी न बदललेलं मूल्य कितीही दूरवरून दिसलं तरी कुणाला बाधत नाही. त्रास दिसण्याचा नाही, लिहिण्याचा आहे. म्हणून तुमच्या व्हेरिएबलला हा प्रश्न विचारा: रन चालू असताना तुला कोण कोण लिहितं? सर्च करा. वाचणारे पन्नास निघाले तरी चालतील. लिहिणारे एकाहून जास्त निघाले की तिथे पेन्सिलने खूण करा. आणि लिहिणारा एखाद्या टेस्टच्या पोटात बसला असेल, तर खूण जरा जोरात करा.

क्रमाबद्दलही मनाशी बोलून घेऊ. आपण टेस्ट ज्या क्रमाने लिहितो त्याच क्रमाने त्या चालतील, ही खात्री कुठून आली? जावावाल्यांना ती फार दिवस होती. जेयुनिट टेस्टच्या पद्धती रिफ्लेक्शनने गोळा करायचं, जावा 6 पर्यंत त्या बहुतेक वेळा लिहिलेल्या क्रमानेच हाती यायच्या, आणि बहुतेक वेळा म्हणजे नेहमी, असं सगळ्यांनी धरलं होतं. जावा 7 आल्यावर तो क्रम कसाही येऊ लागला. तसं वचन भाषेने कधी दिलेलंच नव्हतं. वर्षानुवर्षं हिरव्या असलेल्या टेस्ट पडायला लागल्या. 2012 मध्ये जेयुनिटच्या 4.11 आवृत्तीने यावर उपाय केला तो मासलेवाईक आहे: क्रम दरवेळी सारखाच राहील, पण तो कोणता असेल याचा अंदाज बांधता येणार नाही, असा केला. रनमध्ये स्थैर्य आलं आणि क्रमावर विसंबायची सोयही राहिली नाही.

गंमत म्हणजे त्याच जेयुनिटमध्ये पहिल्यापासून एक शहाणपण होतं. प्रत्येक टेस्ट पद्धतीसाठी ते क्लासचं नवं ऑब्जेक्ट बनवतं. म्हणजे क्लासमधली साधी फील्डं दर टेस्टला कोरी. टेस्टएनजीमध्ये एकच ऑब्जेक्ट सगळ्या पद्धतींना पुरतं. एकातून दुसऱ्यात गेलेल्या टीमला हा फरक माहीत नसेल, तर तिचा महिना त्यात जातो. आणि जेयुनिटच्या शहाणपणालाही एका शब्दाने बगल देता येते: स्टॅटिक. फील्डच्या मागे तो शब्द लावला की ऑब्जेक्ट कितीही नवी बनोत, मूल्य तेच राहतं. तो शब्द लावायचं कारण काय होतं, हे तुमच्या कोडमधल्या प्रत्येक स्टॅटिक फील्डला विचारून बघा. उत्तर बहुधा ‘ब्राउझर दर वेळी उघडायला वेळ लागतो’ असं येईल.

ते उत्तर झटकून टाकू नका. ते खरं आहे. ब्राउझर उघडायला वेळ लागतो, डेटाबेसचा कंटेनर उभा राहायला लागतो, लॉगिनला ओटीपीची भानगड असते. हजार टेस्टनी प्रत्येकी हे सगळं करायचं म्हटलं तर रात्रीचा रन सकाळी संपायचा नाही. काटकसर हा ग्लोबलचा सगळ्यात प्रामाणिक बचाव आहे. तेव्हा प्रश्न वाटून घ्यावं की नाही हा नाही. महागडं काय आणि त्याला कुणी हात लावतं का, हा आहे. पायटेस्टमध्ये याची सोय चांगली आहे. फिक्स्चर किती काळ जगेल ते तिथे सांगता येतं: एका टेस्टपुरतं, क्लासपुरतं, मॉड्यूलपुरतं, पॅकेजपुरतं, सगळ्या सेशनपुरतं. काही न सांगितलं तर एका टेस्टपुरतंच. आणि टेस्टला फिक्स्चर हवं असेल तर सहसा तिला त्याचं नाव आपल्या पॅरामीटरमध्ये घ्यावं लागतं. मागितल्याशिवाय मिळत नाही, मागितलं की सगळ्यांना दिसतं. सेशनभर जगणाऱ्या फिक्स्चरने एका टेस्टपुरत्या जगणाऱ्या फिक्स्चरचा आधार मागितला, तर पायटेस्ट नकार देतं, चक्क एरर देतं. दीर्घायुष्याने अल्पायुष्यावर टेकू नये, हा नियम यंत्रच पाळून घेतं. डेटाबेसचं कनेक्शन सेशनचं, त्यातली नोंद टेस्टची, असं वाटून टाकता येतं.

आता थोडा वेळ कल्पना करा की चारही टेस्ट एकाच क्षणी सुटल्या.

जावामध्ये ब्राउझरचा ड्रायव्हर स्टॅटिक ठेवलाय आणि टेस्टएनजीला दोन थ्रेडवर चालवायला सांगितलंय. पहिल्या थ्रेडने ब्राउझर उघडून फील्डमध्ये ठेवला. दुसऱ्याने उघडून त्याच फील्डमध्ये ठेवला. पहिलीला आपला ब्राउझर कुठे गेला याचा पत्ता नाही. ती पासवर्ड टाइप करते तो दुसरीच्या खिडकीत. दुसरी बघते तर रकान्यात भलतीच अक्षरं. यावर थ्रेडलोकल हा उतारा लोक वापरतात, प्रत्येक थ्रेडला आपली प्रत. चांगला आहे, पण थ्रेड पुन्हा वापरले जातात. टेस्ट संपताना आपली प्रत काढली नाही, तर त्याच थ्रेडवर येणाऱ्या पुढच्या टेस्टला आधीचीचा अर्धवट ब्राउझर मिळतो. रोबोट फ्रेमवर्कला पॅबोट किंवा पायटेस्टला एक्सडिस्ट लावलं तर चित्र उलटं होतं. तिथे वेगवेगळ्या प्रोसेस चालतात, प्रत्येकीची मेमरी वेगळी. एका प्रोसेसमध्ये ग्लोबल ठेवलेला नंबर दुसरीला दिसतच नाही, आणि ‘सगळ्या सेशनला एकदा’ म्हणून लिहिलेलं फिक्स्चर प्रत्येक वर्करमध्ये एकदा चालतं. म्हणजे ग्लोबल हा शब्द दिसतो तेवढा मोठा नाही. जेमीटरने हे आधीपासून वेगळं ठेवलं आहे: व्हेरिएबल थ्रेडपुरतं, प्रॉपर्टी सगळ्या जेव्हीएमला.

अभ्यासकांनीही यात बराच वेळ घातला आहे. कधी पास तर कधी फेल होणाऱ्या, म्हणजे फ्लेकी, टेस्टवर 2014 साली झालेल्या एका गाजलेल्या अभ्यासात, अपाचेच्या प्रकल्पांमधली दुरुस्त्यांची नोंद वाचून, क्रमावर अवलंबून असल्याने हेलकावणाऱ्या टेस्टचा वाटा सुमारे 12 टक्के निघाला. 2019 च्या आयडीफ्लेकीज या कामात टेस्ट मुद्दाम उलटसुलट क्रमाने चालवल्या, तेव्हा सापडलेल्या 422 फ्लेकी टेस्टपैकी निम्म्याच्या वर क्रमावर अवलंबून होत्या. दोन आकड्यांत एवढी तफावत का? पहिल्यात माणसांनी दुरुस्त केलेलं मोजलं, दुसऱ्यात शोधायला गेल्यावर सापडलेलं. क्रम न बदलता रोज तसाच रन लावला, तर हा आजार अंगात असूनही दिसत नाही.

त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका कामाने या टेस्टना नावंही दिली. जी एकटी पास होते पण कुणाच्या तरी मागून चालली की पडते ती व्हिक्टिम, आणि तिला पाडणारी पोल्यूटर. जी एकटी पडते आणि कुणीतरी आधी येऊन काही ठेवलं तरच पास होते ती ब्रिटल. आपली रिफंडवाली या जातीची. शिवाय क्लीनर म्हणून एक जात आहे: पोल्यूटर आणि व्हिक्टिम यांच्या मधे चालली की बिघाड निस्तरून जाणारी टेस्ट. तिच्या लेखकाला हे ठाऊकही नसतं. अशी टेस्ट एखाद्या दिवशी जुनी झाली म्हणून कुणी काढून टाकतं आणि तिसरीच फाइल लाल होते. काढणाऱ्याला शिव्या बसतात. खरं तर त्या क्लीनरच्या पोटातल्या दोनतीन ओळी व्हिक्टिमच्या सेटअपमध्ये हलवल्या की काम होतं. त्या अभ्यासाचा सगळा डाव हाच होता.

तुमच्या सूटमध्ये या कुठे आहेत ते बघायचं असेल तर रोबोट फ्रेमवर्कमध्ये रँडमाइझचा पर्याय आहे, पायटेस्टला रँडमली नावाचं प्लगइन. सीड जपून ठेवा, म्हणजे तोच गोंधळ पुन्हा घालता येतो. पडलेली टेस्ट आधी एकटी चालवा. एकटी पास झाली, तर तिच्या आधी चाललेल्यांपैकी कुणीतरी पोल्यूटर आहे. आधीच्या यादीचे दोन भाग करा, एक भाग तिच्या आधी चालवा, पडली नाही तर दुसरा, पुन्हा अर्धे, असं करत गेलं की थोड्या फेऱ्यांत एकच नाव उरतं. हे काम कंटाळवाणं आहे आणि मला त्यात विलक्षण समाधान मिळतं.

आता कोडच्या बाहेर नजर न्या. स्क्रिप्टमधलं प्रत्येक व्हेरिएबल लोकल केलं, तरी काही गोष्टी सगळ्यांच्याच राहतात आणि त्या ग्लोबल म्हणून कुठे लिहिलेल्या नसतात. टाइमझोन घ्या. आपल्या साइटने तिकिटावर भारतीय वेळेनुसार आजची तारीख छापावी, आणि टेस्टने आजची तारीख मशीनला विचारून ताडून बघावी. हिंजवडीतल्या लॅपटॉपवर ती कायम पास. बिल्ड सर्व्हर मात्र यूटीसीवर चालतो, आपल्याहून साडेपाच तास मागे. रात्री बारा ते पहाटे साडेपाच या वेळात सर्व्हरच्या लेखी अजून कालचाच दिवस असतो. रात्री एकचा रन लाल, सकाळी दहाला कुणी बघायला बसलं की हिरवा. टेस्टच्या एकाही ओळीत तारखेचं ग्लोबल व्हेरिएबल नाही, पण घड्याळ तेच आहे: सगळ्यांना दिसणारं, टेस्टने न मागितलेलं. वेळ आणि टाइमझोन टेस्टने स्वतः सांगून घ्यावा, मशीनकडून गुपचूप उचलू नये.

आणि मग स्टेजिंगचा डेटाबेस. सगळ्या टेस्ट ज्या एकाच टेस्ट यूजरने लॉगिन करतात, तो यूजर. त्याचा पासवर्ड दुसऱ्या टीमने बदलला, त्याच्या वॉलेटमधले पैसे तिसऱ्या टीमच्या रनने संपवले, की तुमच्याकडे लाल. त्याला कुणी व्हेरिएबल म्हणत नाही, पण लिहिणारे अनेक आणि एकमेकांना अनोळखी, हे लक्षण तेच. युनिट पातळीवर यावर उपाय सोपा आहे. जँगोचा टेस्टकेस प्रत्येक टेस्ट ट्रान्झॅक्शनमध्ये गुंडाळतो आणि शेवटी रोलबॅक करतो, काही घडलंच नव्हतं असं होतं. ब्राउझरमधून चालणाऱ्या टेस्टला ती सोय नाही. तिथे प्रत्येक टेस्टने आपला यूजर आपण बनवावा, नावाला एखादा न जुळणारा आकडा जोडून, आणि तोही स्क्रीनवरून फॉर्म भरून नाही तर एपीआयने, म्हणजे वेळ जात नाही. तिकीटही त्याचंच, नंबरही त्याचाच. इतकं केलं की चार टेस्ट एका वेळी चालल्या काय आणि उलट्या चालल्या काय, एकमेकींच्या पानात हात जात नाही.

तरी काही उरतंच. पेमेंटच्या सँडबॉक्सचं खातं कंपनीला एकच मिळालेलं असतं. तत्काळ कोट्याच्या जागा सगळ्यांसाठी मिळून एकदाच भरता येतात. यांना लोकल करण्याचा कुठलाच मार्ग तुमच्या हातात नसतो. असल्या टेस्टना वेगळा टॅग लावा, त्या बाकीच्यांपासून दूर, एकामागून एक चालवा आणि रिपोर्टमध्ये त्यांचा निकाल वेगळ्या रकान्यात दाखवा. शेजारी लिहा की हे खातं आणखी कोणत्या टीम वापरतात आणि बिघडलं तर कुणाला फोन करायचा. त्या रकान्यातलं हिरवं बाकीच्या हिरव्याइतकं पक्कं नाही, हे रिलीजच्या मीटिंगमध्ये बसलेल्या माणसाला न विचारता दिसलं पाहिजे.